नाव घेण्याचा अधिकार

लोकशाही राज्यात वृत्तपत्राच्या चुकीचा न्याय कोणी करावा, हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण त्याचे जे उत्तर सर्वांत आधी सुचते तेच सर्वांत धोक्याचे ठरते. खोटी बातमी छापणाऱ्याला, एखाद्याची नाहक बदनामी करणाऱ्याला किंवा पैसे घेऊन जाहिरातीला बातमीचा वेश चढवणाऱ्याला शिक्षा व्हावी असे कोणत्याही वाचकाला वाटते, आणि शिक्षा देणारी यंत्रणा शासनाजवळ तयारच असते; परंतु ज्या शासनावर लक्ष ठेवणे हे वृत्तपत्राचे पहिले काम, त्याच शासनाच्या हाती वृत्तपत्राला शिक्षा करण्याची सत्ता गेली तर ती सत्ता खोट्या बातमीपेक्षा गैरसोयीच्या खऱ्या बातमीवर आधी चालवली जाते. उलट मालक आणि संपादक यांनीच आपसांत न्याय करावा असे म्हटले, तर आरोपी आणि न्यायाधीश एकच होतात. या दोन टोकांमधला मार्ग म्हणून भारताने जी संस्था उभी केली ती म्हणजे प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, अर्थात भारतीय वृत्तपत्र परिषद. ती कायद्याने स्थापन झालेली असली तरी सरकारी खाते नाही, आणि ती न्यायालयासारखी सुनावणी घेत असली तरी तिला दंड किंवा तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. चौकशी करून दोषी वृत्तपत्राचे नाव जाहीरपणे घेणे एवढेच तिचे खरे सामर्थ्य आहे. हे सामर्थ्य कुचकामी आहे, परिषदेला दात नाहीत, अशी टीका गेली अनेक वर्षे होत आली आहे. परंतु परिषदेचा इतिहास बारकाईने पाहिला तर असे दिसते की तिने नाव घेतले तेव्हा परिणाम झाला, आणि नाव घेण्याचे टाळले तेव्हाच ती खऱ्या अर्थाने दुबळी ठरली.

या परिषदेची कल्पना पहिल्या वृत्तपत्र आयोगाची. 1952 साली नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष हे होते आणि आचार्य नरेंद्र देव व डॉ. झाकिर हुसेन यांच्यासारखी माणसे त्याचे सदस्य होती. 1954 च्या आपल्या अहवालात आयोगाने अशी भूमिका घेतली की वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य राखण्याचे आणि त्यांचा दर्जा सांभाळण्याचे काम एकाच संस्थेकडे असावे, कारण ही दोन कामे एकमेकांपासून तोडली की एक सरकारच्या सोयीचे होते आणि दुसरे मालकांच्या. त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, जिचा शेवट वेगळा झाला. मोठ्या भांडवलाची वृत्तपत्रे कमी किमतीत भरपूर पाने देऊन लहान वृत्तपत्रांचा वाचक ओढून नेतात, तेव्हा पानांची संख्या आणि किंमत यांचे प्रमाण कायद्याने ठरवून द्यावे, असे आयोगाने सुचवले. त्यावरून 1956 चा कायदा आणि 1960 चा आदेश निघाला, आणि त्याला पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवावी लागणार आणि किंमत तेवढीच ठेवायची तर पाने कमी करावी लागणार, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाचकापर्यंत पोहोचणाऱ्या मजकुरावरच मर्यादा येणार, हा ‘सकाळ’चा युक्तिवाद 1961 साली न्यायालयाने मान्य केला आणि राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भंग होतो म्हणून तो कायदा व आदेश रद्द ठरवला. लहान वृत्तपत्रांना जगवण्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण चांगल्या हेतूने आलेले नियंत्रणसुद्धा नियंत्रणच असते, ही गोष्ट त्या निकालाने कायमची नोंदवून ठेवली. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हेच पुढे वृत्तपत्र परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले, हा योग अर्थपूर्ण मानावा लागेल.

1965 च्या कायद्यानुसार 1966 साली परिषद अस्तित्वात आली. तिचे काम सुरू झाले तो 16 नोव्हेंबर हा दिवस आजही राष्ट्रीय पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. नुसत्या नाव घेण्याचीही सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटू शकते, हे दहा वर्षांच्या आतच दिसून आले. ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक बी. जी. व्हर्गीज यांना पदावरून दूर करण्याच्या मालकांच्या निर्णयाविरुद्धची तक्रार परिषदेपुढे होती, आणि संपादकाचे स्वातंत्र्य मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे काय, या मूलभूत प्रश्नावर परिषद काही बोलणार, तोच आणीबाणीतील सरकारने परिषदच बरखास्त केली. 1 जानेवारी 1976 पासून ती उरली नाही. ज्या संस्थेला कोणालाही एक रुपयाचा दंड करता येत नव्हता ती ठेवण्यात सरकारला अडचण वाटावी, यातच तिच्या शब्दाचे वजन दिसते. आणीबाणीनंतर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने 1978 साली नवा कायदा केला, 1979 मध्ये परिषद पुन्हा स्थापन झाली, आणि तोच कायदा आजही लागू आहे.

या कायद्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण परिषदेच्या बलस्थानांइतकेच तिचे दोषही या रचनेत आहेत. अध्यक्षांव्यतिरिक्त परिषदेचे 28 सदस्य असतात. त्यांपैकी 13 श्रमिक पत्रकार असून त्यांतले 6 संपादक असतात; 6 जण मोठ्या, मध्यम आणि लहान वृत्तपत्रांचे मालक किंवा व्यवस्थापक, एक जण वृत्तसंस्थेचा, 5 खासदार, आणि विद्यापीठ अनुदान आयोग, बार कौन्सिल व साहित्य अकादमी यांनी पाठवलेले प्रत्येकी एक असे 3 सदस्य असतात. अध्यक्षांची निवड राज्यसभेचे सभापती, लोकसभेचे अध्यक्ष आणि परिषदेच्या सदस्यांनी निवडलेली एक व्यक्ती यांची समिती करते, आणि या पदावर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश नेमण्याचा प्रघात आहे. म्हणजे परिषदेत पत्रकारिता व वृत्तपत्र व्यवसाय यांतील माणसांचे बहुमत आहे, ही स्वयंनियमनाची बाजू झाली. परंतु सामान्य वाचकाच्या वतीने बोलणारा, पण व्यवसायाशी किंवा राजकारणाशी संबंध नसलेला आवाज 28 मध्ये अवघा तिघांचा आहे, ही त्या रचनेतली मोठी उणीव म्हणावी लागते.

कायद्याचे 14 वे कलम परिषदेचे अधिकार सांगते. पत्रकारितेच्या नीतीचा किंवा लोकाभिरुचीचा भंग झाला असे चौकशीअंती आढळले तर परिषद संबंधित वृत्तपत्राला, वृत्तसंस्थेला, संपादकाला किंवा पत्रकाराला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते किंवा त्याच्यावर ठपका ठेवू शकते. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार तिला आहेत; मात्र बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती तिला कोणावरही करता येत नाही, आणि हा अपवाद कायदा करणाऱ्यांनी जाणीवपूर्वक ठेवला आहे. परिषद केवळ पत्रकारांबद्दलच नव्हे तर वृत्तपत्रांवर दडपण आणणाऱ्या सरकारच्या वर्तनाबद्दलही मत नोंदवू शकते. याच 14 व्या कलमात फारसे चर्चेत न येणारे एक उपकलम आहे, ज्यानुसार सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास परिषद कोणत्याही वृत्तपत्राला चौकशीचा तपशील, दोषी ठरलेल्या वृत्तपत्राच्या आणि पत्रकाराच्या नावासह, आपल्याला योग्य वाटेल त्या रीतीने छापायला सांगू शकते. दोषाची वार्ता दोष करणाऱ्याच्याच वाचकापर्यंत त्याच्याच पानावरून पोहोचावी, हा विचार अत्यंत नेमका होता. पण वृत्तपत्राने तसे छापण्यास नकार दिला तर पुढे काय, याबद्दल कायदा गप्प आहे.

परिषद कोणत्या कसोट्या लावते, ते तिने वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत पाहायला मिळते. बातमी छापण्यापूर्वी तिची शहानिशा करावी, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू विचारावी, चूक झाल्यास दुरुस्ती ठळकपणे छापावी, खासगी आयुष्यात सार्वजनिक हिताशिवाय डोकावू नये, लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करू नये, जाहिरात ही जाहिरात म्हणूनच ओळखू यावी, अशी ही कलमे आहेत. 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी परिषदेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे स्वतंत्र नियम स्वीकारले, ज्यांत आत्महत्येची पद्धत वर्णन न करण्यावर भर आहे.

शहानिशेचा नियम साधा वाटतो, परंतु मराठी पत्रकारितेने त्याची किंमत फार आधी मोजली आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या संतापातून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिले आणि पुरावा म्हणून काही पत्रांचा आधार घेतला; ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले, आणि 1882 साली आगरकर व टिळक या दोघांनाही अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूच्या शुद्धतेबद्दल तेव्हाही कोणाला शंका नव्हती आणि आजही नाही. तरीही हेतू शुद्ध असला म्हणून हाती आलेला कागद खरा ठरत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवले.

न्यायालयाचा रस्ता माध्यमांच्या बाबतीत किती टोकाचा असू शकतो, याचे आधुनिक उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे, आणि त्यात योगायोगाने परिषदेचे एक माजी अध्यक्षच फिर्यादी होते. 1995 ते 2001 या काळात परिषदेचे अध्यक्ष राहिलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र 2008 साली ‘टाइम्स नाऊ’ या वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत काही सेकंद दाखवले. घोटाळ्यात नाव आलेले न्यायाधीश दुसरेच, नावात काहीसे साम्य असलेले होते. पुण्याच्या न्यायालयाने 2011 मध्ये सावंत यांच्या बाजूने 100 कोटी रुपयांच्या भरपाईचा निकाल दिला, आणि अपील ऐकण्याआधी 20 कोटी रुपये भरून 80 कोटींची बँक हमी द्यावी या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. सावंत यांच्यावर झालेला अन्याय खरा होता आणि वाहिनीचा निष्काळजीपणा अक्षम्य होता. परंतु एवढी रक्कम मोठ्या उद्योगसमूहाला जड जाते, तर जिल्ह्याच्या गावी निघणारे साप्ताहिक अशा एका दाव्याने कायमचे बंद पडेल, आणि म्हणून असा दावा करण्याची नुसती धमकी हे धनवानांच्या हातातले बातमी दडपण्याचे साधन बनते. एका बाजूला परिषदेचा ठपका आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधींची भरपाई, यांच्या मधली पायरी भारतीय व्यवस्थेत जवळजवळ रिकामी आहे.

परिषदेच्या धैर्याची खरी परीक्षा झाली ती 2009 सालच्या निवडणुकांनंतर, ‘पेड न्यूज’च्या प्रकरणात. रोख रक्कम किंवा अन्य मोबदला घेऊन छापलेली बातमी किंवा विश्लेषण, अशी पेड न्यूजची व्याख्या परिषदेने केली आहे. जाहिरातीत वाचकाला निदान कळते की बोलणारा पैसे देऊन बोलतो आहे. पेड न्यूजमध्ये वाचकाचा विश्वासच विकला जातो, शिवाय उमेदवाराचा खर्च निवडणूक आयोगाच्या हिशेबातून आणि वृत्तपत्राचे उत्पन्न कराच्या हिशेबातून निसटते, त्यामुळे एकाच व्यवहारात तीन फसवणुका होतात. ऑक्टोबर 2009 मधील महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत ठरलेल्या दराने बातम्या विकल्या गेल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून मांडले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी 47 पूर्ण पाने त्यांनी जमवली, आणि ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ व ‘पुढारी’ या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एक स्तुतिपर लेख शब्दशः सारखाच आल्याचे दाखवले. भोकर मतदारसंघातून निवडून आलेल्या चव्हाण यांनी वृत्तपत्रांतील जाहिरातींवर अवघे 5,379 रुपये खर्च झाल्याचा हिशेब दिला होता. पैशांच्या देवघेवीचा आरोप चव्हाण यांनी नाकारला. त्यांचे प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकर यांच्या तक्रारीवरून प्रकरण निवडणूक आयोगाकडे आणि तेथून न्यायालयात गेले. उमेदवाराने दिलेला हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2014 रोजी स्पष्ट केले. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश मात्र त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. पाच वर्षे चाललेल्या या वादात उमेदवाराच्या हिशेबाची छाननी झाली, पण एकच लेख तीन दैनिकांत कसा आला, या प्रश्नाचे उत्तर मागण्याचे बंधन कोणत्याही न्यायपीठावर नव्हते. ते काम परिषदेचे होते.

आणि परिषदेने ते काम हाती घेतलेही होते. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांच्या उपसमितीने देशभर साक्षी घेऊन, वृत्तपत्रांची नावे आणि त्यांची बाजू दोन्ही नोंदवून 2010 च्या एप्रिलमध्ये 71 पानांचा अहवाल सादर केला. त्यानंतर परिषदेत जे घडले ते तिच्या इतिहासातले सर्वांत क्लेशदायक पान आहे. नावे जाहीर करण्याला काही सदस्यांचा विरोध झाला, आणि 30 जुलै 2010 रोजी परिषदेने नावे वगळलेला एक छोटा अहवाल स्वीकारून मूळ अहवाल केवळ संदर्भासाठी दप्तरी ठेवला. पेड न्यूज ही लोकशाहीला लागलेली कीड आहे असे त्या छोट्या अहवालाचे तात्पर्य. पण कीड कोठे लागली आहे हे न सांगता केलेल्या निषेधाचा कोणाला त्रास होत नाही. मूळ अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो 2011 च्या ऑक्टोबरमध्ये, केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी माहितीच्या अधिकाराखाली तसा आदेश दिल्यानंतर. जिचे सारे सामर्थ्य जाहीर बोलण्यात, तिला बोलते करण्यासाठी दुसऱ्या संस्थेच्या आदेशाची गरज पडली. कायद्याने दात दिले नाहीत ही सबब येथे चालत नाही, कारण कायद्याने दिलेला अधिकारच येथे वापरला गेला नव्हता.

त्याच सुमारास उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात परिषदेने तो अधिकार वापरला, आणि त्याचा परिणाम कोणत्याही दंडापेक्षा मोठा झाला. 2007 च्या विधानसभा निवडणुकीत बिसौली मतदारसंघातील उमेदवार उमलेश यादव यांच्या बाजूने बातमीच्या रूपात जाहिराती छापल्याबद्दल ‘दैनिक जागरण’ आणि ‘अमर उजाला’ या दैनिकांविरुद्ध प्रतिस्पर्धी उमेदवाराने तक्रार केली. परिषदेने सुनावणी घेऊन दोन्ही वृत्तपत्रांना नावानिशी दोषी ठरवले. तो निर्णय घेऊन तक्रारदार निवडणूक आयोगाकडे गेला, बातमीसाठी दिलेले 21,250 रुपये खर्चाच्या हिशेबात दाखवलेले नव्हते हे सिद्ध झाले, आणि 20 ऑक्टोबर 2011 रोजी आयोगाने आमदार झालेल्या यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. परिषदेने कोणालाही शिक्षा केली नाही. तिने सत्य शोधून ते नावासह कागदावर आणले, आणि शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या संस्थेला त्या कागदाचा आधार झाला. परिषदेला दंडाचे अधिकार द्यावेत असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करायला हवा. दंड करण्याचा अधिकार मिळाला की परिषदेवर आपली माणसे नेमण्याची सरकारची इच्छा बळावणार, आणि व्हर्गीज प्रकरणाच्या वेळी जी परिषद सरकारला बंद करावीशी वाटली ती पुढच्या वेळी ताब्यात घ्यावीशी वाटणार. खऱ्या सुधारणा याहून लहान आणि अधिक उपयोगी आहेत: परिषदेचा निर्णय दोषी वृत्तपत्राने मूळ बातमीच्याच पानावर छापणे बंधनकारक व्हावे, आणि नावे असलेला कोणताही चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन खुद्द परिषदेवर असावे.

दूरचित्रवाणी वाहिन्या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने 2008 साली स्वतःचे प्राधिकरण स्थापन केले आणि न्यायमूर्ती जे. एस. वर्मा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. परंतु 2009 मध्ये ‘इंडिया टीव्ही’ला एक लाखाचा दंड होताच ती वाहिनी काही काळ संघटनेतूनच बाहेर पडली, ज्यावरून ऐच्छिक नियमनाची मर्यादा कळते. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूच्या वार्तांकनावरील 18 जानेवारी 2021 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने, स्वतंत्र नियम होईपर्यंत वाहिन्यांनीही वृत्तपत्र परिषदेच्या मार्गदर्शक सूचना पाळाव्यात असे सांगितले. डिजिटल माध्यमांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांतील आचारसंहितेच्या सक्तीला त्याच वर्षी याच न्यायालयाने स्थगिती दिली, आणि सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटेपण सरकारी विभागाने ठरवावे अशी 2023 ची दुरुस्ती तेथील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर घटनाबाह्य ठरली. ‘सकाळ’ खटल्यातला जुना प्रश्नच नव्या माध्यमाच्या संदर्भात पुन्हा विचारला गेला, आणि उत्तरही त्याच दिशेचे आले.

या सगळ्यात सामान्य वाचकाचे स्थान अगदीच गौण नाही, कारण परिषदेचे कामकाज मुख्यतः तक्रारीवर चालते आणि तक्रार करण्यासाठी बातमीत आपलेच नाव असावे लागत नाही. वाचकाने प्रथम संपादकाला पत्र लिहून आक्षेप कळवायचा असतो. उत्तर मिळाले नाही किंवा समाधानकारक मिळाले नाही, तर दैनिक व साप्ताहिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत आणि इतर नियतकालिकांच्या बाबतीत चार महिन्यांच्या आत, मूळ कात्रण व पत्रव्यवहाराच्या प्रतींसह परिषदेकडे तक्रार करता येते. प्रकरण न्यायालयात प्रलंबित असेल तर परिषद चौकशी करू शकत नाही. मजकूर मराठीसारख्या भारतीय भाषेत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर तक्रारदारानेच जोडायचे असते, आणि ही अट बदलण्याची मागणी मराठी पत्रकार संघटनांनी व वाचकांनी आग्रहाने करायला हवी. कारण ज्या शेतकऱ्याची, शिक्षिकेची किंवा ग्रामपंचायत सदस्याची तालुक्याच्या दैनिकात बदनामी झाली, त्यांनी मराठीत सोसलेल्या अन्यायाची दाद इंग्रजीत मागावी ही अपेक्षा अन्यायकारक आहे, आणि भाषांतराची जबाबदारी तक्रारदाराकडून काढून परिषदेने स्वतःकडे घेण्यासाठी कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही, परिषदेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे.